माशांचा बोर्ड

सुवा शहरातल्या बसथांब्यावर लितिया आजीच्या पुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या. आजीची नात वेनिना त्यांच्याच शाळेत होती.

"मुलांनी करायचा बोर्ड झाला का गं?"

"झाला. मीच केला! पोरांच्या हाती डिंक दिला, की बोर्डापेक्षा केसांनाच जास्त लागतो."

"मासा उचलायचा, खाली त्याचं नाव वाचायचं, तोच ना?"

"तोच. तपासणीचे साहेब बघून जाईपर्यंत वरून प्लास्टिक ठोकलंय. तरी त्या वेनिनानं काल प्लास्टिकखाली हात घालून मासा उचललाच! वर म्हणते, 'बाई, खाली तर काहीच नाही!' दिलं कोपऱ्यात उभं करून."

"खरंच काही नाही?"

"कॅलेंडरातले परदेशी मासे ते. नावं मला कुठं ठाऊक?"

"मग पोरांना विचारायचं. सगळी कोळ्यांचीच तर आहेत."

"ती आपलेच मासे सांगतात!"

"बरं, बोर्डाला नाव काय दिलंस?"

"'हात लावा आणि शिका.'"