रविवारच्या पाहुण्यांआधी

(तळेगावातला डोळ्यांचा दवाखाना. तपासण्या उरकून अनिता आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी कोमल डॉक्टरांसमोर बसल्या आहेत.)

अनिता : म्हंजी चष्मा घालवायचं लेसर हुतंय ना? मग उद्याच करून टाका. रविवारी पाव्हणं येत्यात हिला बघाया.

डॉक्टर : होईल ताई. नंबर दोन वर्षं बदललेला नाही, बुबुळाची जाडीही चांगली आहे. पण डोळे कोमलचे आहेत, तिला बोलू द्या.

कोमल : मॅडम, मी कबड्डी खेळते. विद्यापीठाच्या संघात आहे, चढाई करते. कुणाचं ना कुणाचं कोपर तोंडावर बसतंच.

डॉक्टर : बरं झालं सांगितलंस. ज्यात दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसतं, त्यात बुबुळावर झाकणासारखा पातळ काप घेतात. जोराचा मार बसला तर ते झाकण वर्षांनंतरही सरकू शकतं.

कोमल : आणि काप न घेता करतात ते?

डॉक्टर : वाचून आलीयस वाटतं.

कोमल : होस्टेलवर सारखा हाच विषय असतो. एक म्हणते, मध्येच शिंक आली तर डोळा गेला. दुसरी म्हणते, मरेपर्यंत चष्मा लागणार नाही. रुपालीनं करून घेतलंय, खूश आहे. पण नेमकं कुठलं केलं, ते तिलाही सांगता येईना. म्हटलं, आपण विचारूनच करायचं.

डॉक्टर : डोळा हलला की लेसर आपोआप थांबतो. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच, तो कुणाला चुकत नाही. काप घेतला नाही तर सरकायलाच काही नसतं. पण चार-पाच दिवस डोळे चुरचुरतात, पाणी येतं. नीट दिसायला काही आठवडे जातात.

अनिता : आठवडं? न्हाई न्हाई. ते पयलंच करा.

कोमल : आई, खेळायचं मला आहे.

अनिता : आन् लगीन? स्थळ आणलेल्या बयाबाईला मी सांगून बसलेय, पोरीला चष्मा न्हाई म्हणून. फोटू बी तसाच धाडलाय.

कोमल : मला न विचारता?

अनिता : इचारलं की तू उठून जातीस. घर चांगलं हाय, पोरगं कंपनीत हाय. चष्मा बघून म्हागारी फिरलं असतं तर?

कोमल : फिरू दे की. मागच्या सामन्यात माझी लेन्स निघाली, तू होतीस ना बघायला?

अनिता : हुते. डोळा झाकून पळत हुतीस.

कोमल : डावा कोपरा मला दिसतच नव्हता. तरी दोघींना शिवून परत आले. हे ऑपरेशन मला हवंच आहे गं. पण त्या कोपऱ्यासाठी, पाहुण्यांसाठी नाही. मॅडम, महिन्याभरात स्पर्धा संपते. त्यानंतर करू, काप न घेता. तोवर लेन्स लावून खेळते.

डॉक्टर : चालेल. फक्त पुन्हा तपासणीला येण्याआधी लेन्स बंद ठेवायच्या. ताई, तुमचं काय म्हणणं?

अनिता : माजं काय! डोळं चुरचुरनार म्हणताय तुमी, आन् ही हसतीया. कोमे, तुला भ्या न्हाई वाटत?

कोमल : वाटतं ना. म्हणून तर एवढं विचारलं.

अनिता : दे तो फोन हिकडं. ...हॅलो, बयाबाई? टाकव्याची अनिता बोलतीया. त्या पाव्हण्यास्नी सांगा, आमच्या पोरीला चष्मा हाय. ...व्हय, मीच न्हाई म्हणलं हुतं. चुकलं माजं. ...जाड हाय, चांगला जाड हाय. चालत असंल तर या म्हणावं. ...न्हाई बया, त्येवढ्यापुरता बी काढायला लावनार न्हाई. तिला बी पोरगं नीट दिसाया पायजे की.