मंत्र्याचा पट्टा

(कारखान्यामागचं रिकामं मैदान, सकाळ. मुलीची गाडी बाबा चालवतायत, मुलगी शेजारी. मागच्या सीटवर वाळूची गोणी. कुत्रा लांब झाडाखाली बांधलेला.)

बाबा : …घट्ट धरून बस. मारतोय ब्रेक.

मुलगी : अहो बाबा, जरा बेतानं— आई गं!

बाबा : गोणीचं काय झालं? मागे बघ, मागे!

मुलगी : माझ्या सीटवर येऊन आदळली. पाठीत धपाटा बसल्यासारखं वाटलं.

बाबा : वेग किती होता?

मुलगी : चाळीस.

बाबा : बघ, नुसता चाळीस! गोणी बरोब्बर मंत्र्याच्या वजनाची, अठरा किलोची आहे. काल मंत्र्याला भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करून मोजलं.

मुलगी : तरीच भंगारवाला मला विचारत होता, कुत्रा काढायचाय का म्हणून!

बाबा : हस तू. उद्या सात तासांचा रस्ता आहे, आणि तू काही चाळीसनं जाणार नाहीस.

मुलगी : मंत्री शहाण्यासारखा मागे बसतो हो. म्हणून तर त्याचं नाव मंत्री.

बाबा : रविवारी कुठे गेला होता शहाणपणा? उडी मारून पुढे आला नि तुझ्या पायात शिरला, थेट ब्रेकखाली. समोरच्या ट्रकवाल्यानं गाडी वळवली म्हणून आज तू माझ्याशी वाद घालतेयस.

मुलगी : झालं ते झालं ना आता.

बाबा : हे बघ, सरळ सांगतो. पट्टा जमला तर मंत्री तुझ्याबरोबर नव्या नोकरीच्या गावी. नाही जमला तर तो राहील इथेच, माझ्यापाशी.

मुलगी : आणि जेवेल? मुलाखतीला चार दिवस गेले होते, तर ताटलीला तोंड लावलं नाही त्यानं.

बाबा : मला सांगतेस? मीच बसायचो त्याच्यापुढे ताटली घेऊन. हातापाया पडायचा बाकी होतो. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मुलगी : मग गळपट्ट्यालाच बांधूया की. गळपट्टा आहे, सीटबेल्ट आहे. झालं काम.

बाबा : मलाही तेच बघायचंय. उतर. गोणीच्या तोंडाशी त्याचा जुना गळपट्टा आवळ आणि सीटबेल्टला अडकव… झालं? बस आत. मारू?

मुलगी : मारा— हं! बघा, गोणी जागची हलली नाही. मी म्हटलं होतं ना?

बाबा : गळ्याशी बघ.

मुलगी : अरे देवा.

बाबा : काय?

मुलगी : गळपट्टा पार आत रुतलाय. गोणी फाटली, सगळी वाळू सीटवर.

बाबा : वाळूच आहे, झाडून टाकू.

मुलगी : बाबा… मी उद्या अशीच बांधून नेणार होते त्याला.

बाबा : कळलं ना, बास. आता माझा पट्टा. डिकीतून दुसरी गोणी आण.

मुलगी : दोन भरल्यात?

बाबा : चार. हा बघ, छातीवरून आणि दोन्ही खांद्यांवरून. झटका बसला तरी सगळ्या अंगावर वाटला जातो, गळ्याला काही नाही. ट्रकमध्ये काचा बांधायचो ना, त्याच पट्ट्यातून कापून शिवलाय.

मुलगी : आतून मऊ काय लावलंय? अहो, हा तर तुमचा चौकडीचा शर्ट!

बाबा : जुना झाला होता.

मुलगी : परवा लग्नाला घातला होतात!

बाबा : परवाच जुना झाला. त्याला ओळखीचा वास येईल, तेवढाच धीर. चल, बस. मारू?

मुलगी : मारा… अरे वा! जशीच्या तशी. पुन्हा मारा ना, जरा जोरात!

बाबा : आता कशी मजा वाटायला लागली! घे… बास. मंत्र्याला आण.

मुलगी : चला मंत्रीसाहेब, दौऱ्यावर निघायचंय. चढ. शाब्बास. बाबा, बांधा तुम्हीच.

बाबा : हा एक, हा दुसरा, आणि आता सीटबेल्टला असा ओढून… हं. पस्तीस वर्षांत एक तावदान फुटू दिलं नाही मी.

मुलगी : बाबा, तो थरथरतोय.

बाबा : सवय होईल.

मुलगी : लाळ बघा किती गळतेय. कुठे टोचतंय का?

बाबा : कसं टोचेल? रात्रभर शर्टाची घडी घालून शिवलंय. बघ, एक इंच हलत नाही! मग बिनसतंय कुठे याचं?

मुलगी : तेच ते. एक इंच हलत नाही.

बाबा : म्हणजे?

मुलगी : अहो, तो काच आहे का? बसण्याआधी तो स्वतःभोवती तीन गिरक्या घेतो. घरी बघता ना? त्याशिवाय त्याला बसताच येत नाही.

बाबा : अगं हो की! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काचेला गिरकी कुठली… किती ढील लागेल?

मुलगी : सोडा थोडी.

बाबा : एवढी?

मुलगी : अजून.

बाबा : अजून सोडली तर पुढे येईल.

मुलगी : नाही येत. तुमच्या वितीनं मोजा ना. इथपासून पुढच्या सीटपर्यंत अजून दोन विती जागा उरते. सोडा, बाबा.

बाबा : …घे. सोडली.

मुलगी : श्श. बघा.

बाबा : एक. दोन… तिसरीला अडखळला. पण बसला! बसला गं!

मुलगी : आडवाही झाला. नाक कुठे खुपसलंय बघा, तुमच्या शर्टात.

बाबा : लबाड. आता हळूच ब्रेक मारून बघतो… जागेवर आहे?

मुलगी : एक डोळा उघडला नि मिटला.

बाबा : दर दोन तासांनी थांबायचं. पाणी पाजायचं. त्याला गाडीत कोंडून चहाला जायचं नाही. आणि दर अर्ध्या तासाला मला फोन.

मुलगी : गाडी चालवताना फोन?

बाबा : बरं, थांबशील तेव्हा. भीती वाटते गं मला. तुला गाडी येत नाही असं नाही म्हणत, पण वाटते.

मुलगी : मलाही वाटते. पण आता कालच्याइतकी नाही.

बाबा : हं.

मुलगी : तुम्ही उद्या तुमच्या गाडीनं माझ्या मागोमाग येणार होतात ना, पार तिथपर्यंत? मग फोन कशाला? किती वाजता निघायचं? थर्मास दोन भरायला हवेत.

बाबा : एकच भर.

मुलगी : म्हणजे?

बाबा : मी आपल्या फाटकापर्यंत येतो.