बादशाचं नाव

आर्णीच्या पोलीस ठाण्यात माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते.

"निकिता, कम्प्युटरले पासवर्ड लावला होता ना तू?"

"लावला होता, बाबा. मेललेबी तोच. तुम्हीच म्हटलं होतं, बादशा ठेव म्हणून."

"मंग चोराले कसा समजला?"

"बैल घरी होता तवा पोळ्याले तुम्ही त्याच्या पाठीवर बादशा नाव रंगवलं. शेजारच्या विक्कीनं त्याचा फोटो फेसबुकवर टाकला, खाली तुमचं नाव लिहून."

"बैलाच्या नावानं काय भेटलं त्याले?"

"मेल उघडला. तुमचं आधार कार्ड होतं त्यात. त्याच्यावर सिम काढलं अन् रामराव बोलतो म्हणून लोकाईले लुटून राह्यला."

"मी तर कोणाले फोन नाही केला."

"हे पोलिसाले पटलं पाहिजे ना. मी मागंच म्हटलं होतं, पासवर्ड बदलवू. तुम्ही काहून नाही म्हटलं?"

"बोंडअळीच्या साली बैल इकला, पोरी. म्हटलं, नाव तेवढं घरात राहू दे."

"त्या नावापायी तुमचं नाव गेलं, बाबा."

आतून हवालदारानं आवाज दिला.

"रामराव कोण आहे?"

"मी आहो, साहेब. खरा रामराव मी आहो."

"काल त्या सिमवर फोन लावला, तोबी हेच म्हणे."