खाली बसवलेली गाडी आणि जाळीतली कोकरे

दिनांक १८ फेब्रुवारी २०२५

नाव : सोमेश्वर दत्तोबा जोगदंड. वय : ५२ वर्षे. शिक्षण : संस्कृत घेऊन एम. ए. व्यवसाय : एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर. राहणार : नेकनूर, ता. जि. बीड.

मी समक्ष हजर राहून, मला कोणी बोलावलेले नसताना स्वतःहून असा जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी रोहिणीसह राहतो. या पोलीस ठाण्यात मी आजवर बातमी घ्यायला आलो आहे, द्यायला आज पहिल्यांदा येत आहे. माजी पंचायत समिती सभापती अर्जुनराव शिनगारे हे माझे दाजी असून माझी धाकटी बहीण मोहिनी त्यांना दिलेली आहे. हरिओम हा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा सख्खा भाचा. हे नाते मी आधीच लिहून घ्यायला सांगितले आहे. नंतर ते शोधून काढल्याचे श्रेय कोणाला मिळू नये.

परवा रविवारी झालेल्या अपघाताबाबत हरिओमने फिर्याद दिली आहे. तीत असे म्हटले आहे की, मेंढपाळ म्हाळू देवकते याने आपली मेंढरे अचानक रस्त्यावर सोडली, त्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात गाडीवरचा ताबा सुटला. त्यावरून म्हाळूवरच निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करण्याचे चालले असून तो सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे. त्याची बायको मनकर्णा मोडलेला पाय घेऊन बीडच्या रुग्णालयात आहे. सदरची फिर्याद खोटी आहे. मी त्या गाडीत होतो.

गाडीविषयी सांगतो. हरिओमने गेल्या दिवाळीत पांढरी गाडी घेतली. कारखान्यातून निघताना कोणत्याही गाडीचे पोट आणि रस्ता यांत काही अंतर ठेवलेले असते. ते अंतर हरिओमला सहन झाले नाही. त्याने स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी चार बोटे खाली बसवली आणि मडगार्डच्या बाहेर डोकावतील असे रुंद टायर घातले. मला म्हणाला, "मामा, बघा, कशी रोडला चिकटून हाय!" ती खरोखरच चिकटली, गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर. चौघांनी उचलून काढली.

पुढे असे होऊ लागले की, हरिओम एकटा बसला तर गाडी बरी चाले. मागे दोन माणसे बसली की मागचे टायर मडगार्डच्या कडेला घासत. खर्र असा आवाज येई आणि जळक्या रबराचा वास सुटे. वळणावर गाडी डोले, ब्रेक मारला की एका अंगाला ओढे. मी त्याला सांगितले होते की, कापलेल्या स्प्रिंगा काढून मापाच्या टाक, चाक आत बसेल अशी रिम घे, मडगार्डची कड तापवून आतल्या बाजूला वळवून घे आणि हे सगळे झाल्यावर गाडीत माणसे बसवून मग चाकांची अलाइनमेंट कर. यात माझे पांडित्य काही नाही. आमच्या दैनिकाच्या मोटार पुरवणीत हे छापून आले होते आणि त्याची प्रुफे मी तपासली होती. हरिओमचे उत्तर असे होते, "मामा, तुमी श्लोक सांगा. गाडीचं आमच्यावर सोडा."

शनिवारी दुपारी मी माझी स्कूटर घेऊन प्रविणच्या गॅरेजवर गेलो होतो. तेथे हरिओमची गाडी उभी होती. प्रविणने माझ्यासमोर ग्राइंडर लावून मागच्या दोन्ही मडगार्डच्या कडा कापल्या. वळवल्या नाहीत, कापल्या. पत्र्याला पात्यासारखी धार राहिली.

प्रविण म्हणाला, "आता घासलं तर कान कापून देईन, सर."

मी म्हणालो, "कडेला नुसता कान लाव. कापायचं काम तीच करील."

तो हसला. म्हणाला, "थांबा की, कानस मारून गोल करून देतो. लई टाईम न्हाई लागत."

त्यावर हरिओम म्हणाला, "राहू दे बे. उद्या पप्पांचा सत्काराचा कार्यक्रम हाय, गाडी धुवायची हाय अजून."

मग हरिओमने एकट्याने बसस्टँडला एक चक्कर मारली आणि परत येऊन मला विचारले, "आला का आवाज?" मी म्हणालो, "नाही आला. उद्या किती जण बसणार?" त्यावर तो गाडी धुवायला घेऊन गेला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही कार्यक्रमाच्या गावी निघालो. दाजी दुसऱ्या गाडीने पुढे गेले होते. गाडी हरिओम चालवत होता. त्याच्या शेजारी बजरंग हा कार्यकर्ता, मांडीवर शालींचे गाठोडे घेऊन. मागे आम्ही तिघे, मी उजव्या खिडकीशी. डिकीत सत्काराच्या नारळांचे भरलेले पोते. आमच्या भागात कार्यक्रमाला नारळ कमी पडले तर ते निवडणूक हरल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहते. रस्त्यात आणखी दोघांनी हात केला, त्यांनाही घेतले. "जागा नाही" हे दोन शब्द माजी सभापतींच्या मुलाला उच्चारता येत नाहीत. एकाला मी मांडीवर घेतले. त्याच्या वजनाबद्दल माझी तक्रार नाही.

दोघे बसताच माझ्या बाजूच्या चाकातून घासण्याचा आवाज सुरू झाला. हा आवाज पूर्वीचा खर्र नव्हता, चिरल्यासारखा होता. थोड्या वेळाने वास आला, मग धूर. पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे मी पाठशाळेत बाराव्या वर्षी शिकलो. मागच्या चाकातून धूर दिसला की कशाचे अनुमान करावे, हे हरिओमला सव्विसाव्या वर्षीही कोणी शिकवलेले नसावे.

बजरंग म्हणाला, "हरिओम, काय जळतंय बे?"

हरिओम म्हणाला, "शेतात पाचट पेटवलं असन कुणी."

मी म्हणालो, "गाडी थांबव. आम्ही दोघे-तिघे उतरतो."

"पोचलोच की मामा. कावून भेता एवढं?" असे म्हणून त्याने गाण्याचा आवाज वाढवला. वेग ऐंशीच्या पुढे होता. मी काटा पाहिला.

कौशल्याबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या शेताजवळच्या वळणावर माझ्याखालचे, म्हणजे उजवे मागचे टायर फुटले. गाडी उजवीकडे ओढली गेली, रस्त्याकडेची चारी ओलांडून शेतात शिरली आणि मेंढरांच्या जाळीवरून पुढे जाऊन थांबली. त्या वेळी रस्ता मोकळा होता. रस्त्यावर मेंढरू, कोकरू, शेळी, कुत्रे, काहीही नव्हते. हे वाक्य कृपया ठळक लिहावे.

जाळी कशाची, हे फिर्याद लिहिणाऱ्यांना माहीत नसावे. कौशल्याबाईंनी खतासाठी म्हाळूची मेंढरे आपल्या रानात बसवली होती. मेंढपाळ सकाळी मोठी मेंढरे घेऊन चरायला जातात आणि दोन-तीन आठवड्यांची कोकरे मागे जाळीत कोंडून ठेवतात, कारण ती दिवसभर चालू शकत नाहीत. आया संध्याकाळी येऊन पाजतात. रविवारी म्हाळू कळप घेऊन पलीकडच्या माळावर गेला होता. शेतात फक्त जाळी होती, आत कोकरे आणि त्यांच्याजवळ मनकर्णा. ज्याने मेंढरे रस्त्यावर सोडली असे लिहिले आहे, तो माणूस तेथे नव्हता. आणि जी मेली ती सगळी जाळीच्या आत होती. ज्यांना चालता येत नाही म्हणून कोंडले, त्यांनी धावत येऊन गाडीला आडवे जायचे, एवढे पाठांतर त्यांच्याकडून कोणी करून घेतले, ते फिर्यादीने सांगावे.

आम्ही उतरलो. मनकर्णाचा पाय पुढच्या चाकाखाली होता. बजरंगने आणि मी इतरांसह गाडी उचलून तो मोकळा केला. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "उभी ऱ्हायलेली किती हायेत, तेवढी बघा की वो." मी पाहिली. नऊ कोकरे मेलेली होती. मी तिला आकडा सांगितला नाही.

हरिओमचे उतरल्यावरचे पहिले वाक्य "बंपर गेला" असे होते. ते मी बातमीत घेतलेले नाही, म्हणून येथे नोंदवतो.

कौशल्याबाईंच्या हाका ऐकून म्हाळू माळावरून पळत आला, तेव्हा मनकर्णाला गाडीत घालून झाले होते. आमच्या गाडीत नव्हे. दुधाच्या टेम्पोत.

त्याच संध्याकाळी दाजी माझ्या घरी आले. रोहिणीने केलेला चहा त्यांनी घेतला. म्हणाले, "सोमेश्वर, तुमी मागं बसलतात. मागून रस्ता कुठं दिसतोय?"

मी म्हणालो, "दाजी, रस्ता खिडकीतूनही दिसतो. आणि टायर फुटले ते मागचेच."

ते म्हणाले, "पोरगं हाय. हातून घडलं. मेंढरं आडवी आली म्हणलं की मिटतंय समदं. त्या म्हाळूला काय, लई तर दोन खेटे पडतेल."

दोन खेटे म्हणजे काय, हे बाहेरच्या बाकावर जाऊन पाहता येईल. दाजींबद्दल मला आदर होता. तो कधीपर्यंत होता हे मला नेमके सांगता येते, पण ते तपासाच्या कामाचे नाही.

काल रात्री बहीण मोहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, खोटं बोल असं न्हाई म्हणत मी. फक्त आपण होऊन जाऊ नको. त्यांनी बोलावलं तर जा." मग म्हणाली, "दिवाळीला मी येऊ का नको, तेवढं तरी सांग."

आज ठाण्यात येताना मी सदरची गाडी पाहिली. आवारात जागा नसल्याने ती कुंपणाबाहेर उभी आहे. तिच्या उजव्या मागच्या चाकात कोरा टायर आहे. मडगार्डची कड कानस मारून गोल केलेली असून तिच्यावर पांढरा रंग दिलेला आहे. रंग ओला होता. माझ्या बोटाला लागला, तो हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडमना दाखवला. शनिवारी ज्या कामाला वेळ नव्हता, ते काम अपघातानंतर सवडीने केलेले दिसते. रविवारी मी मोबाइलवर घेतलेले जुन्या टायरचे आणि धारदार कडेचे फोटो या जबाबासोबत देत आहे. जुना टायर जप्त करावा अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत मी सही करणार नाही.

येथे जबाब थांबवण्यात आला. हवालदार मॅडम प्रविणच्या गॅरेजवर जाऊन दीड तासाने टायर आणि प्रविण, दोघांना घेऊन आल्या. जबाब पुढे सुरू.

टायर गॅरेजच्या छपरावर पत्रा उडू नये म्हणून वजनाला ठेवलेला मिळाला. प्रविण माझ्यासमोर म्हणाला, "हरिओमभाऊनं सांगितलं, लांब फेकून दे. आता टायर कुणी फेकीत असतंय का? कुठंबी लागतोय." टायर मी ओळखला. त्याच्या बाहेरच्या अंगाला गोल फिरत गेलेली चीर असून चिरेत पांढऱ्या रंगाचे कण अडकलेले आहेत. मोटार वाहन निरीक्षकांकडून टायर, कापलेल्या स्प्रिंगा व मडगार्ड यांची तपासणी व्हावी. प्रविणबद्दल मला एवढेच सांगायचे आहे की, कड कापायला नको होती आणि कापल्यावर तशी सोडायला नको होती. पण चाक किती वजनाने खाली बसते, हे माहीत असूनही गाडी भरणारा आणि सांगूनही न थांबणारा माणूस प्रविण नव्हे. तो माझा भाचा आहे.

हा जबाब वाचून दाखवताना म्हाळूला आत बोलावून त्याच्यासमोर वाचावा अशी मी विनंती केली. ती मान्य झाली. त्याने उभ्यानेच ऐकला, खुर्चीवर बसला नाही. त्याला काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मला काय न्हाई सायेब. ह्ये माज्या बायकोला दवाखान्यात वाचून दावा. दोन दिस झाले, येईल त्यो इचारतोय, जाळी ढिली बांधलीती का म्हणून. आता ती बी मलाच इचारायली, माजीच गाठ सुटली का वो?"

सबब मी पुढील मजकूर वाढवत आहे. अपघातानंतर मी जाळी पाहिली. तिच्या खुंट्या जमिनीतून उपटलेल्या व काही मोडलेल्या होत्या, दोऱ्या मध्येच तुटलेल्या होत्या. एकही गाठ सुटलेली नव्हती. मनकर्णा म्हाळू देवकते हिने जाळी पक्की बांधली होती.

हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला असून तो म्हाळू देवकते याच्यासमोर मोठ्याने वाचला गेला. शेवटचा परिच्छेद त्याच्या सांगण्यावरून पुन्हा वाचण्यात आला. मजकूर खरा व बरोबर आहे.

सही/-
सोमेश्वर दत्तोबा जोगदंड