पराटीतला कॅमेरा

जयभीम. बाया-मानसांनो, तुमी हातचं काम टाकून विहारात आले. मले बोलता येऊन नाही राह्यलं. पन रवीची मोठी बहीन म्हून मलेच बोलाव लागन. मायनं त तोंड उघडनंच सोडलं.

रवी टीव्ही-मोबाईल दुरुस्त करे, हे साऱ्याइले ठाऊक. पन कपाशीत लावाचा कॅमेरा त्यानं काहून बनवला, ते सांगते.

माये मालक समोर बसले हायेत. मागच्या हंगामात फवारता फवारता त्याइच्या डोयात औषध गेलं. आता मानूस दिसते, तोंड दिसत नाही. रवी त्याइले म्हने, "भाऊजी, बोंडअळीचे पतंग आले का नाही, हे पायल्याशिवाय फवारताच कायले?"

हे म्हनत, "पतंग रातच्यानं येते. पायनार कोन?"

"मी पायतो."

झालं! भंगारातल्या मोबाईलची बॅटरी, पुन्याहून मागवलेलं बोटाएवढं सर्किट, एक भिंग, आन् माया घरचा प्लास्टिकचा भाकरीचा डबा. पहिला फोटो उलटा आला, सारा जांभया रंगाचा. पराटी वर, आभाय खाली. "ताई, तुयं वावर लटकून राह्यलं!" म्हने, आन् हासला, इतका हासला! मग भिंगावर दव बसे. मग डब्यात मुंग्या शिरल्या. पन जमलं शेवटी. पतंग धराच्या सापळ्यावर तो डबा टांगला, आन् आत अडकलेला पतंग रवीच्या मोबाईलवर पंखासकट दिसे. तुमीच सकाळी दुकानापुढं थांबून विचारत होते ना, "रवी, आले काय रे?"

त्या दुपारी तो भिंग पुसाले गेलता. डोक्यावर गेलेली कपाशीची पराटी. बाजूच्या वावरात फवारा सुरू. वारं फिरलं. घरी आला त लाळ गळे, हात कापत. यवतमाळले नेताना डोकं माया मांडीवर. म्हने, "ताई, आजचा फोटो पायला काय? सापळा रिकामा हाये. त्याइले सांग, नका फवारू."

कोनाले सांगू मी? चालत्या गाडीतून कोनाले सांगू? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो गेला.

सापळा रिकामा होता हो. रिकामा! मंग ते औषध कोनासाठी होतं?

फवारनारा गनेश बी इथंच बसला हाये. त्या दिवसापासून तो बी ओकून राह्यला. त्याले बोल लावू? कोनाले लावू? तो डबा अजून वावरात हाये. बॅटरी उतरली. तो चालू कराले कोनाले येते? मले नाही येत. तुमच्यातल्या कोनाले येते?

उद्या तुमी फवारसान, मले मालूम हाये. कपाशी सोडून खाऊ काय? आमच्या वावरात त मलेच पंप उचला लागन. दुसरं कोन हाये आता?

पन आज नाही. आजच्या दिवस पंप पाठीवर घेऊ नका. पाया पडते.

आता उभे राहा. माया रवीसाठी, काहीच बोलू नका.

माय, तू नको उठू. तू बस.