दाराजवळची खाट

बहीण : परत तीच खाट? दाराजवळची?

डॉक्टर : रिकामी होती म्हणून दिली.

बहीण : पलीकडे दोन रिकाम्या दिसतायत मला, आंधळी नाहीये मी. ही खाट कोणाला देता तेही ठाऊक आहे. सलाईन लावायचं, झोपू द्यायचं, नशा उतरली की दार दाखवायचं. तुमची माणसं माझ्या दादाला पाहुणा म्हणतात. आला का पाहुणा, असं विचारत होते मघाशी एकमेकांना, माझ्यासमोर.

डॉक्टर : त्यांना समज देते मी.

बहीण : समज घाला चुलीत. त्याला वर मानसोपचार वॉर्डात दाखल करून घ्या.

डॉक्टर : हातांना टाके घातलेत. छातीचे ठोके अजून जोरात आहेत. लघवीत कोकेन निघालंय, दर वेळी निघतं. वर फोन केला होता मी. ते म्हणतात, आधी नशा उतरू दे.

बहीण : आणि उतरली की तुम्ही म्हणणार, आता ठीक आहे, घरी न्या. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, हा एकटाच बोलत बसतो, आम्हाला नको, याला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्या. चेंडू आहे का तो? आज त्यानं नुसत्या हातांनी न्हाणीघराची भिंत फोडलीय, डॉक्टर. फरशा उचकटून पाइप ओढत होता. आत माणसं बसलीत, म्हणे. नखं निघाली तरी थांबेना. पुढच्या वेळी भिंत नसेल, गळा असेल. त्याचा, नाहीतर आमचा कोणाचा तरी. तेव्हा कुठली खाट देणार?

डॉक्टर : बोलून झालं असेल तर आता माझं ऐका. कोकेननं भास होतात. चांगल्या धडधाकट माणसालाही होतात. वरच्यांना मला पटवावं लागतं की हा नुसता नशेचा खेळ नाही, आजार आधीपासून आहे. कशाच्या जोरावर पटवू? दर वेळी मी विचारलंय, पावडर घ्यायच्या आधी याला काही त्रास होता का? दर वेळी एकच उत्तर. काही नव्हतं, शहाणा मुलगा होता, संगतीनं बिघडला.

बहीण : कोण म्हणालं असं?

डॉक्टर : तुमच्या आई. या बसल्यात.

बहीण : आई?

आई : हळू बोल. लोक बघतायत.

बहीण : बघू देत. काही नव्हतं? दादाला काही नव्हतं?

आई : अगं, व्यसन सुटतं. चार महिने कुठे ठेवलं की सुटतं, लोकही विसरून जातात. वेडाचा शिक्का जन्मभर पुसत नाही. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. त्यांनी दहा जणांकडे चौकशी केलेली. भाऊ जरा वाया गेलाय म्हटलं, तर म्हणाले, असतो एखादा प्रत्येक घरात. वेडा आहे म्हटलं असतं तर?

बहीण : तर मोडलं असतं. मग? माझं एक लग्न उभं राहावं म्हणून तू त्याला गर्दुल्ला ठरवलंस?

आई : तुझ्या बऱ्यासाठीच केलं ना.

बहीण : माझ्या नावावर खपवू नकोस. मला विचारलं होतंस? मीही येता-जाता त्यालाच फाडून खायचे. पावडर कशाला ओढतोस, लाज नाही वाटत का. एकदा म्हणाला, ओढली की आतल्या माणसांना उलट उत्तर देता येतं. मला वाटलं, नाटकं करतोय. थोबाडीत दिली होती मी त्याच्या. हसला नुसता.

डॉक्टर : आमचंही तेच झालं. या खाटेवर माणूस आला की पुढचे प्रश्न विचारायचे आम्ही सोडून देतो. माझाच राग येतोय मला, पण त्याचं नंतर बघते. (फोन लावून पुढे धरत) काकू, घ्या. वरचे डॉक्टर आहेत. मी सांगितलं तर ऐकीव म्हणतील. पावडरच्या आधी काय होतं तेवढंच सांगा. नाहीतर नशा उतरल्यावर याला घरी सोडण्यावाचून माझ्याकडे इलाज नाही.

आई : हिच्या सासरी कळेल.

बहीण : सासरी मी सांगते. आजच, तुझ्यादेखत सांगते. तू बोल आधी.

आई : हॅलो. हो, आईच बोलतेय त्याची. नाही, पावडर मागाहून आली. आधी... कॉलेजात होता तेव्हा. म्हणायचा, स्वयंपाकघरातला नळ माझ्याबद्दल बोलतो. हो, नळ. मी फडकं बांधायचे त्याला, रोज झोपायच्या आधी. नाही, कुठल्या डॉक्टरला नाही दाखवलं. नाही हो, कसला थांबतोय आवाज. पण मी फडकं बांधलं की तो म्हणायचा, आता बरं वाटतंय आई, तू जा, झोप.