दोन पुड्या

(अमरावतीचा कँप, १८६४ सालचा माघ महिना, उतरती दुपार. कापसाच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या बंगल्यामागचा बावर्चीखाना. जैनबबी ही इथल्या खानसाम्याची बायको. मैनाबाई ही बंगल्यावर दूध-लोणी घालणारी, शेतकऱ्याघरची, वयानं मोठी. रमजान चालू आहे.)

जैनबबी : हळू बोला, मैनाबाई. अन् ते दार लावून घ्या पयले.

मैनाबाई : दार लावाले मी काय चोरी कराले आली? डोक्यावरचं गाडगं त उतरव.

जैनबबी : दूध राहू द्या. मले एक सांगा. सोमल पोटात गेला तर माणूस किती वेळानं मरते?

मैनाबाई : काय विचारून राहिली वं हे? तोंड पाय तुह्यं, राखेवानी झालं. कोणी खाल्ला सोमल?

जैनबबी : मड्डमनं. म्हणजे, मले मालूम नाई. खाल्ला का नाई खाल्ला, तेच त मले मालूम नाई.

मैनाबाई : बस इथं. पदरानं घाम पूस. आता सुदं सांग, एकामागून एक.

जैनबबी : तिले दिवस गेले, ते तुमाले मालूमच हाय. पोटात अन्नाचा कण ठरत नाई तिच्या. काल इथं चुलीपाशी आली, या पाटावर बसली अन् लेकरावानी रडाले लागली. मायच्या हातचे स्कोन पायजे म्हणे. रोडग्यावानी गोल अन् जाडे असते, पन आतून लोण्यावानी नरम. साहेब गेले अकोल्याले कापूस घ्याले, आमचे हे बी त्यायच्या संगं. हे असते त यायनं केले असते, मले कुठं येते साहेब लोकायचं. पन डोहाळे हायेत, मैनाबाई. पोटुशी बाई तोंडानं मागते अन् आपण नाई म्हणावं?

मैनाबाई : नाई म्हणूच नये. माह्या वक्ती सासूनं गाभुळल्या चिंचेसाठी माणूस दर्यापूरले धाडला होता. इतकी खाष्ट बाई, पन धाडला. मंग?

जैनबबी : मंग तिनं मले आपल्या मोडक्या बोलीत अन् हातानं करून सांगतलं. गव्हाचं पीठ फडक्यानं गाळाचं, त्यात तुमचं लोणी, साय, साखर, ताक. अन् फुगाले खार. विलायतेचा त्यायचा डबा पाणी लागून खराब झाला, म्हणून बाजारचा पापडखार चालंन म्हणे. मी नत्थुजी शिपायाले वाण्याकडं धाडलं.

मैनाबाई : पापडखारानं कोणी मरत नाई.

जैनबबी : ऐका त. नत्थुजीले साहेबाच्या कोठीसाठी सोमल बी आणाचा होता. यंदा कापूस इतका आला का कोठीत मावेना, म्हणून बोजे व्हरांड्यात लावले. सरकीच्या वासानं उंदीर पार घरात शिरले. त्या उंदरायसाठी. त्यानं दोनी पुड्या आणल्या अन् त्या भिंतीतल्या देवळीत ठेवल्या. दोनी पळसाच्या पानाच्या, दोनीले तसाच दोरा. एक मोठी, एक लहान.

मैनाबाई : व माय.

जैनबबी : मी मोठी घेतली. मले वाटलं खाराचीच मोठी असंन. उरलेली लहान पुडी नत्थुजी न पायताच घेऊन गेला, कणकेच्या गोळ्या करून त्यानं बिळात टाकल्या बी. मी इथं पातेल्यात स्कोन लावले, खाली निखारे, झाकणावर निखारे. तिनं बोटं उघडून दाखवलं होतं, दुप्पट फुगते म्हणे. झाकण काढलं त माह्ये चपटे. ठोकून पायले त दगड. तवा मले याद आलं, नत्थुजी दारातून म्हणे होता का कोठीत उंदीर लय हायेत म्हणून वाण्यानं सोमल जास्ती बांधला.

मैनाबाई : अन् हे याद आलं तरी तू तिले वाढले?

जैनबबी : नाई वं मैनाबाई, अल्लाची कसम. याद येईपर्यंत ताटली गेली होती. ती तिथं दाराशीच उभी होती, वास घेत. गरम गरमच उचलले. दीड खाल्लं माह्यासमोर, अन् माह्या गालाले हात लावला. मंग राहिलेले घेऊन आपल्या खोलीत गेली.

मैनाबाई : अन् आता?

जैनबबी : आता निजली. साहेब घरी नसले का आतून कडी लावते. मी खिडकीपाशी जाऊन कान लावला. कायीच आवाज नाई.

मैनाबाई : कण्हणं नाई, वांती नाई?

जैनबबी : कायी नाई.

मैनाबाई : मंग घाबरू नको. सोमलानं पोट जळते. माणूस लोळते, हंबरते. असं गप निजत नाई.

जैनबबी : उंदीर त पयले गपच पडते कोपऱ्यात. मी पायलं हाय.

मैनाबाई : माह्या दिराच्या बैलाले घातला होता कोणं तरी. तो बी पयले…

जैनबबी : काय पयले?

मैनाबाई : कायी नाई. बैलाचं वेगळं असते. पुडीचं पान कुठं हाय? पानाले लागला असंन थोडा.

जैनबबी : चुलीत घातलं. काम झालं का पान चुलीत, हीच माह्यी आदत.

मैनाबाई : नत्थुजीले विचारू.

जैनबबी : त्याले विचारलं त तो सारा कँप गोळा करंन. तुमीच म्हणता न, नत्थुजीच्या पोटात तीळ भिजत नाई.

मैनाबाई : मंग डाक्टरसाहेबाले बोलाव. पलीकडच्याच बंगल्यात हाय. दोन जीव हायेत वं आत, एक नाई.

जैनबबी : काय सांगू त्याले? खानसाम्याच्या बायकोनं इख घातलं? आमच्या घरचे एक मामू होते जालन्याच्या छावणीत, साहेबाच्या चुलीवर. गदराचे दिवस होते. साहेबाले उलटी झाली अन् मामूले बांधून नेलं. साहेब दुसऱ्या दिवशी घोड्यावर फिरत होता, आंबे जास्ती खाल्ले होते म्हणे. मामू परत आले नाई. माह्ये हे अकोल्याले हायेत, त्यायले त मालूमच नाई का मी इथं काय करून बसली. मले नेलं त नेलं. पन ते त्यायले बी नेतीन.

मैनाबाई : अन् ती मेली त?

जैनबबी : तेच. तेच फिरून राहिलं डोक्यात. बोलावलं अन् खार निघाला, त आमी गेलो. नाई बोलावलं अन् सोमल निघाला, त ती गेली. तिचं लेकरू गेलं. तिनं माह्या गालाले हात लावला होता, मैनाबाई.

मैनाबाई : रडू नको. रडून कायी कळत नाई. एखादं उरलं हाय का त्यातलं?

जैनबबी : एक हाय. संध्याकाळी रोजा सोडाले ठेवलं होतं.

मैनाबाई : म्हणजे तू चाखलंच नाई करताना?

जैनबबी : रोजा हाय न. सकाळपासून मीठ बी जिभेवर ठेवलं नाई.

मैनाबाई : मंग चाख आता. खार असंन त जिभेले कळंन. सोमलाले चव नसते, ना वास. जीव वाचवाले मोडलेला रोजा तुह्या अल्लाले चालत असंन.

जैनबबी : मोडला म्या. तुमी येण्याच्या आंधीच. एक कुटका तोंडात टाकला अन् कायीच कळलं नाई. दिवसभराचं तोंड कोरडं, अन् त्यात हे भेव. माती लागली नुसती. पुन्हा एक कुटका घेतला, पुन्हा माती. रोजा बी गेला अन् कळलं बी नाई.

मैनाबाई : माह्याकडं काहून पायतं अशी?

जैनबबी : नाई पायत.

मैनाबाई : पायून राहिली. जैनब, मी या घराले इतके दिस झाले दूध घालतो, पन इथलं पाणी पेली का कधी? उन्हाळ्यात बी नाई. फागुनात माह्या पोराचं, पंजाबचं लगन हाय. सोयरे तिवस्याकडचे, लय कडक. मैनाबाईनं गोऱ्याच्या चुलीवरचं खाल्लं, हे त्यायच्या कानावर गेलं त पोरीचा बाप सुपारी वापस करंन. पोरगं जन्मभर तोंड पायणार नाई माह्यं.

जैनबबी : मी कायी म्हणलं का?

मैनाबाई : म्हणू बी नको. अन् जातीचंच भेव हाय असं नाई. जिवाचं बी हाय. खोटं काहून बोलू.

जैनबबी : तुमी घरी जा, मैनाबाई. तुमी इथं आल्याच नव्हत्या. दूध मी सकाळीच घेतलं म्हणीन.

मैनाबाई : गप. मले सांग, पीठ कसं मळलं?

जैनबबी : म्हणजे?

मैनाबाई : हातानं करून दाखव. कसं मळलं?

जैनबबी : असं. तळहाताच्या जोरानं. मड्डम म्हणे होती, मळू नको, बोटाच्या टोकानं नुसतं गोळा कर अन् सोडून दे. पन मले ते पायवेना. ढेकळावानी दिसे. ती बाहेर गेली का मी चांगलं तिंबलं, पार लोण्यावानी होईस्तोर. माह्यी माय म्हणे, बिनतिंबल्या कणकेची बाई सासरी टिकत नाई.

मैनाबाई : म्या बी तिंबलंच असतं. गावातली कोणतीबी बाई तिंबंन. मंग फुगतीन कुठून? ते तिंबल्यानंच दगड झाले असतीन.

जैनबबी : तिंबल्यानं झाले का सोमलानं, हे कसं कळावं?

मैनाबाई : नाई कळत.

जैनबबी : सूर्य कलला. इतका वेळ निजत नाई ती कधी.

मैनाबाई : दे इकडं.

जैनबबी : काय?

मैनाबाई : ते उरलेलं. दे म्हणतो न. अन् तुह्या हातानं मोडू नको, मीच मोडतो.

जैनबबी : नाई मैनाबाई. सोमल असंन त?

मैनाबाई : कुटक्यानं मरत असंन माणूस त तूच पयले पडली असती. ऐक. गावात कोणाच्या पापडात खार जास्ती झाला, हे मी जिभेवर ठेवून सांगतो. मले त्याची चव लागली त ठीक. नाई लागली त मी सुदी डाक्टरसाहेबाच्या बंगल्यावर पळतो, मंग तुह्यं काय व्हायचं ते होवो. चालंन?

जैनबबी : चालंन. नाई लागली त मीच तुमच्या आंधी पळीन.

मैनाबाई : मंग तिकडं तोंड कर. मले खाताना पायू नको.

जैनबबी : … काय लागते?

मैनाबाई : थांब.

जैनबबी : मैनाबाई?

मैनाबाई : थांब म्हणलं न. गोटा हाय हा, चावू त दे.

जैनबबी : बोला कायीतरी. मले नुसतं तुमचं चावणं आयकू येऊन राहिलं.

मैनाबाई : लोणी लागते. माह्यंच हाय, कालचं.

जैनबबी : अन्?

मैनाबाई : साखर.

जैनबबी : अन् मंग?

मैनाबाई : थांब. आणखी एक कुटका घेतो.

जैनबबी : या अल्ला.

मैनाबाई : हाय. जिभेच्या कडेले हाय. चुणचुणते. उडदाच्या कच्च्या पापडावानी. खार हाय, जैनब. मोठ्या पुडीतला सारा ओतला तू, गिळताना घसा बी धरते. खारच हाय.

जैनबबी : कसम खा.

मैनाबाई : पंजाबची कसम. आता बस खाली.

जैनबबी : मंग ती उठत काहून नाई? खार हाय त ती उठत काहून नाई?

मैनाबाई : चूप. कोणी येऊन राहिलं. डोळे पूस.

नत्थुजी : दार काहून लावलं दिवसा? जैनबबी, मड्डम उठली. किती दिसानं अशी निजली म्हणते. ताटलीतले सारे खाल्ले तिनं. गोट्यावानी झाले म्हणे, पन चव मायच्या घरची हाय. हासून बी राहिली अन् रडून बी. उद्या पुन्हा करजो, अन् या वक्ती पीठ मळजो नको म्हणून सांगतलं.

जैनबबी : वांती? वांती त नाई झाली?

नत्थुजी : कायची वांती? च्या मागून राहिली. अन् मैनाबाई, तुमच्या ओठाले काय लागलं?

मैनाबाई : पीठ.

नत्थुजी : भुरकं दिसते.

मैनाबाई : गव्हाचं पीठ भुरकंच असते. तू जा, तिच्या च्याचं पाय. साहेब नसले का शिपाई बावर्चीखान्यात गोष्टी करत बसते, हे सांगू का साहेबाले?

नत्थुजी : जातो बाप्पा. मी त नुसतं विचारलं.

जैनबबी : गेला. त्यानं पायलं, मैनाबाई. तो गावात बोलंन.

मैनाबाई : बोलू दे. मी नाई म्हणीन. पोराचं लगन होवो, मंग खरं सांगीन साऱ्यायले.

जैनबबी : माह्यासाठी तुमी…

मैनाबाई : तुह्यासाठी नाई. त्या पोटुशीसाठी. अन् थोडं तुह्यासाठी बी. आता रडू नको, मले रडू येते मंग. पाणी दे. ते घशातच अडकलं हाय.

जैनबबी : आमच्या घड्यातलं?

मैनाबाई : मंग काय नदीवर जाऊ?

जैनबबी : देते. गडवा घासून देते.

मैनाबाई : राहू दे घासणं. काठोकाठ भर. तू बी सकाळपासून पेली नाई.